खापऱ्यांची पिशवी

दुबईतल्या कुसैसच्या आमच्या घरात उन्हाळ्यात गार म्हणाव्यात अशा दोनच वस्तू होत्या, आतल्या खोलीतला खिडकीचा एसी आणि स्वयंपाकघरातला माठ. गच्चीवरच्या टाक्या दिवसभर तापत, त्यामुळे नळ सोडला की थेट चहाला चालेल असं पाणी येई. आई पहाटेच बादल्या भरून ठेवी, म्हणजे दुपारपर्यंत ते पाणी निदान अंगावर घेण्याजोगं होई. फ्रीज होता, पण अण्णा फ्रीजमधलं पाणी पीत नसत. साइटवरून आले की बूट दाराबाहेर काढून ते सरळ लोखंडी तिवईवरच्या माठाकडे जात, पेलाभर पाणी उभ्याउभ्याच पीत, दुसरा पेला हातात घेऊन खाली बसत, आणि मग त्यांच्या तोंडातून संध्याकाळचा पहिला शब्द निघे. तोवर आम्ही त्यांना काही विचारायचं नाही, हे घरात न बोलताच ठरलेलं होतं.

तो माठ आजोबांनी घडवलेला, त्यांच्या हातचा शेवटचा. चिपळूणच्या पलीकडच्या आमच्या गावाहून निघून आम्ही पहिल्यांदा विमानात बसलो तेव्हा आईने तो गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतला होता. विमानातली बाई म्हणाली, वर ठेवा. आई म्हणाली, "तान्हं पोर आहे असं समजा आणि राहू द्या." माठाच्या मानेजवळ आजोबांच्या अंगठ्याचा ठसा राहून गेला होता, ओला असताना चाकावरून उतरवताना लागलेला. पाणी भरताना मी माझा अंगठा त्यात बसवून बघायची. सोळा वर्षांची झाले तरी तो त्यात हरवून जायचा.

आम्ही कुंभार. गावात स्टीलच्या कळश्या आणि प्लॅस्टिकच्या घागरी आल्या तेव्हा अण्णांनी चाक सोडलं आणि दुबईला फरश्या बसवायला आले. पुढे फोरमन झाले म्हणून आम्हाला बोलावता आलं. मातीचा विषय ते घरात काढत नसत. मी तर चाकाला कधी बोटही लावलं नव्हतं. आमच्यात बायका माती आणतात, चाळतात, तुडवतात, मडकं थापीने थापून वाढवतात, काव लावतात, भट्टी रचतात, पण चाकाला हात लावत नाहीत. चाक म्हणजे महादेव. लग्नाकार्यात त्याला हळदकुंकू वाहायचं आणि बाजूला व्हायचं. मला त्याचं कधी वाईटही वाटलं नव्हतं. ते आपलं नव्हेच, एवढंच ठाऊक होतं.

माझी शाळा गावातच चौथीला सुटली. इथे आल्यावर धाकट्या नंदाचं नाव ऊद मेथाच्या शाळेत घातलं. मला इंग्रजीतून कुठल्या वर्गात बसवणार, म्हणून मी आईजवळ राहिले. आई आजूबाजूच्या एकट्या राहणाऱ्या पुरुषांना पोळ्या करून द्यायची. मी लाटायची, ती भाजायची. मला माणसांची भीती होती. बेल वाजली की मी लाटणं तसंच हातात धरून आतल्या खोलीत जाई. पोळ्यांचा डबा न्यायला आलेला माणूस "बेटी है क्या घर में?" असं विचारी आणि आई म्हणे, "है, शरम में है." नंदा मात्र दार उघडून कुणाशीही इंग्रजीत, हिंदीत, कशातही बोलायची. वर सतत विमानं, शेजारच्या मल्याळी घरातला रेडिओ, पाच वेळची बांग आणि आमच्या एसीची घरघर. रात्री कोळंबीचं कालवण असलं की भातासोबत कोपऱ्यावरच्या बेकरीतला गरम खबूसही यायचा. आई आधी म्हणायची, ही कसली मैद्याची रबराची भाकरी. पुढे कालवणात बुडवून तीच दोन खायची.

एक दिवस अण्णा पाणी पिऊन खाली बसले आणि चक्क हसले.

"काय झालं?" आईने विचारलं.

"मिर्दिफला एका बंगल्यात बाथरूमचं काम काढलंय. अमेरिकन बाई आहे. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून मडकं करते."

"चाक कुठनं आणलं तिने?"

"चाकच नाही. शेवया वळाव्यात तशी माती वळते आणि एकावर एक गुंडाळत बसते. पोरं साप करतात ना, तसं."

"मग उभं राहतं का ते?"

"राहतं," अण्णा म्हणाले, आणि त्यांचं हसू जरा कमी झालं. "भाजलेलं एक होतं. बोटाने ठोकून बघितलं मी. वाजतं."

त्या बाईंना घरात मदतीला कुणीतरी हवं होतं. नवरा तेलाच्या कंपनीत, महिन्यातले बरेच दिवस समुद्रावर. आईने गुरुवारचं काम धरलं. गुरुवारी नंदाला सुट्टी, म्हणून ती बोलायला आणि मी हाताखाली. अमेरिकन म्हणजे गोरीपान, पिवळ्या केसांची, असं माझ्या मनात होतं. दार उघडलं तर समोर आमच्यासारखीच सावळी, रुंद तोंडाची, लांब काळ्या केसांची बाई. आई तिथल्या तिथे मला म्हणाली, "अगं, ही तर आपल्या गुहागरच्या आत्यासारखी." नंदाने बाईंशी काहीतरी बोलून घेतलं आणि सांगितलं, "नाव रीटा. शी सेज शी इज ऑल्सो इंडियन."

"मग मराठी येत नाही?" आई म्हणाली.

अमेरिकेत न्यू मेक्सिको म्हणून कोरडा, डोंगराळ मुलूख आहे. तिथे गोरे यायच्या कितीतरी आधीपासून मातीची घरं बांधून गावं वसवलेले लोक आहेत, त्यांना प्युब्लो म्हणतात, आणि रीटाबाई त्यांतल्या. हे सगळं नंदाने हळूहळू, अनेक गुरुवार घेऊन आमच्यापर्यंत पोचवलं. त्यांच्याकडे मडकी बायका करतात. आई मुलीला शिकवते, मुलगी तिच्या मुलीला. चाक नाहीच. हे ऐकताना मी खिडकी पुसत होते. माझा हात थांबला तो आईच्या लक्षात आला. "काच पुस, कान नको," ती म्हणाली.

पण मी बघत राहायचीच. बाईंनी गावाकडची माती पोत्यातून आणली होती, करड्या रंगाची ढेकळं. ती पाण्यात भिजत घालायची, काठीने ढवळायची, फडक्यातून गाळून काडीकचरा काढायचा. मग ती आळली की प्लॅस्टिकवर पसरून अनवाणी तुडवायची. इथवर सगळं आमच्यासारखंच. तुडवण्याआधी त्या मक्याच्या पिठाची चिमूट मातीवर सोडून काहीतरी पुटपुटत. आई केर काढताना झाडू टेकवून उभी राही. "देवाचं चाललंय," मला म्हणे, "मध्ये जाऊ नको." मग एका उथळ वाडग्यात मातीची पोळी थापून तळ बसवायचा आणि त्याच्या कडेवर मातीची वळी फिरवत न्यायची. एक वेढा झाला की बोटांनी चिमटून खालच्या वेढ्यात जिरवायचा, मग दुसरा. वाळलेल्या भोपळ्याच्या सालीच्या तुकड्याने आतून-बाहेरून खरवडायचं, की वेढे दिसेनासे होतात. घाई केली तर भांडं खाली बसतं, म्हणून मध्ये थांबायचं, त्याला जरा सुकू द्यायचं. थांबलं की बाई सरळ आमच्यात येऊन चहा प्यायच्या. भांडं सुकलं की घासायचं, पांढऱ्या मातीचं पातळ पाणी फडक्याने लावायचं आणि त्यांच्या आईकडून आलेल्या एका गुळगुळीत खड्याने घोटत बसायचं, ते चमकेपर्यंत. वरची नक्षी काळ्या रंगाने, झाडाचं पान चावून त्याच्या धाग्यांचा कुंचला करून. ती सरळ रेघ मी आजही विसरलेले नाही. बाई श्वास रोखून ओढायच्या आणि संपली की मोठ्याने सोडायच्या.

पाचव्या की सहाव्या गुरुवारी त्यांनी मातीचा गोळा माझ्यापुढे धरला. मी हात मागे घेतले. त्यांनी आग्रह केला नाही, गोळा ओल्या फडक्याखाली टेबलावर ठेवला आणि दुसऱ्या खोलीत निघून गेल्या. आई बाथरूम धूत होती, नंदा टीव्हीसमोर. मी फडकं उचललं. दिवाळीत कडबोळी मीच वळायची, आई म्हणायची शकूच्या कडबोळ्याला शेवट सापडत नाही. तशीच वळी केली. बाई परत आल्या तेव्हा माझ्यासमोर चार वेढे उभे होते आणि मला रडू येत होतं, का ते मला आजही नीट सांगता येणार नाही. बाईंनी वेढ्यांवरून बोट फिरवलं, एका जागी चिमटा काढून जोड पक्का केला, आणि म्हणाल्या, "गुड. यल्ला, नेक्स्ट वन."

घरी अण्णांना मी काही सांगितलं नाही. नंदाने सांगितलं. अण्णा म्हणाले, "चाक नाही तर ते कुंभारकाम नाही. खेळू दे." पण नंतर जेवताना त्यांनी मला विचारलं, "तळ किती जाड ठेवलास?" मी बोटाच्या पेरावर दाखवलं. ते भात कालवत राहिले आणि म्हणाले, "कडेला जास्त ठेव. तडा तिथनं जातो."

त्याच सुमाराला बाईंच्या मुलाचं, डॅनीचं, लग्न ठरलं. त्यांच्यात लग्नाचं एक भांडं असतं. पोट एक, पण वर दोन तोंडं, आणि दोन्ही तोंडांना जोडणारी मूठ. नवरी एका तोंडाने पाणी पिते, नवरा दुसऱ्या. ते मुलाकडच्यांनी करून न्यायचं. बाईंच्या आईचे हात आता थरथरत होते, म्हणजे ते बाईंवर आलं.

"आणि सांडलं तर?" आईने विचारलं.

नंदाने विचारून सांगितलं, "सांडलं तर कळतं, दोघांत घाई कुणाला आहे."

आई पदर तोंडाला लावून हसली. मग म्हणाली, "एवढा व्याप कशाला? तिकडे विकत मिळत असेल की."

बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. मग जे बोलल्या ते नंदाने असं सांगितलं: "विकतच्यात आमचं कुणी नसेल." आम्हाला तिघींनाही त्याचा अर्थ कळला नाही.

पुढच्या गुरुवारी बाई बाहेर गेल्या होत्या आणि आईने घर झाडून काढायला घेतलं. लग्नघर, म्हणून तिने स्वतःहूनच काढलं. स्वयंपाकघरातल्या खालच्या फळीवर पिठाच्या जुन्या कापडी पिशवीत तिला खापऱ्या सापडल्या. लहानमोठ्या, काळ्या, पांढऱ्या, काहींवर नक्षीचे तुकडे. आईच्या कपाळावर आठी आली. फुटकं मडकं घरात ठेवू नये, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. मडकं फुटतं ते माणूस गेल्यावर. आणि इथे पोराचं लग्न तोंडावर आलेलं. "बिचारीला माहीत नसेल," ती म्हणाली आणि पिशवी उचलून कोपऱ्यावरच्या कचऱ्याच्या मोठ्या पेटीत टाकून आली. पिशवी जड होती. एका बाजूने मी धरली होती.

बाई आल्या तेव्हा आईने चहा ठेवला आणि मोठ्या कौतुकाने सांगितलं, "बाई, लग्नघर आहे तुमचं. सगळं फुटकंतुटकं काढून टाकलं मी. आता काही अडायचं नाही." नंदाने ते इंग्रजीत केलं. बाईंनी आधी तिला परत सांगायला लावलं. मग त्या खालच्या फळीपाशी वाकल्या. मग उठून अनवाणी रस्त्यावर धावल्या, त्या उन्हात. आम्ही मागे गेलो. पेटी रिकामी होती, गाडी येऊन गेली होती. आत फक्त तळाला चिकटलेली एक ओली प्लॅस्टिकची पिशवी.

बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या परत येऊन पायरीवर बसल्या, तळवे भाजले होते ते हातांनी धरून. मग बोलायला लागल्या, आणि नंदाने पहिल्यांदाच स्वतःचं काही न घालता एकेक वाक्य सांगितलं. ती माती नुसती चालत नाही. नुसती केली तर वाळताना उलते. तिच्यात जुन्या मडक्यांच्या खापऱ्या कुटून, पिठासारख्या दळून घालायच्या असतात. त्या पिशवीत बाईंच्या आजीने केलेल्या भांड्यांचे तुकडे होते, आजीच्या आजीच्या भांड्यांचेही असतील, आणि काही डोंगरात सापडलेले, ते कुणाचे कुणास ठाऊक. त्यांच्या प्रत्येक भांड्यात आधीची भांडी असतात. दळलेलं जे होतं ते संपलं होतं. लग्नाच्या भांड्याची माती नुसतीच भिजत पडली होती, आणि लग्नाला जायला आता फार दिवस उरले नव्हते.

आई खाली बसली. "मी त्यांचे पूर्वज कचऱ्यात टाकले गं," ती मला म्हणाली. नंदाने ते इंग्रजीत केलं नाही. केलं नाही तरी बाईंना कळलं. त्यांनी आईच्या गुडघ्यावर हात ठेवला, पण तिच्याकडे बघितलं नाही.

त्या संध्याकाळी अण्णा आले, माठाकडे गेले, पाणी प्याले, दुसरा पेला घेऊन बसले. आईने सगळं सांगितलं. आपण आता तिथे कामाला जायचं नाही, तोंड दाखवायला जागा नाही, असंही म्हणाली. अण्णा म्हणाले, "दुकानात कुंड्या मिळतात. त्या फोडून दे म्हणावं." नंदा म्हणाली, "आय टोल्ड हर, अण्णा. त्या म्हणाल्या कारखान्याच्या आहेत. त्यात कुणाचा हात नाही."  अण्णा पेल्यातलं पाणी संपल्यावरही पेला हातातच ठेवून बसले होते.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. मी उठले तेव्हा माठ तिवईवर नव्हता. अण्णांनी तो रिकामा करून बाल्कनीत उन्हाला पालथा घातला होता आणि स्वतः शेजारी बसून दाढी करत होते. आईने बाल्कनीत पाहिलं, अण्णांकडे पाहिलं.

"अहो, नको," ती म्हणाली. "मामंजींच्या हातचा."

"म्हणून तर."

"असं मडकं फोडू नये हो."

"भरलेलं फोडू नये. हे रिकामं आहे." मग जरा वेळाने, "घरात नाही फोडत. तिकडे नेतो."

माठ परत गोधडीत गेला आणि टॅक्सीत आईच्या मांडीवर बसला. बाईंनी दार उघडलं, आम्हा चौघांना पाहिलं. अण्णांनी अंगणात पोतं अंथरलं, त्यावर माठ ठेवला आणि नंदाकडे वळून म्हणाले, "सांग." पण नंदा रडत होती, तिला बोलता येईना. सगळे उभे. अण्णा वाट बघताहेत, बाई वाट बघताहेत. तेव्हा मी बोलले. परक्या माणसाशी इंग्रजीत बोललेली ती माझी पहिली वाक्यं. "माय ग्रँडफादर पॉट," मी म्हणाले. "हिज हँड. यू टेक."

बाई खाली बसल्या. त्यांनी माठावरून दोन्ही हात फिरवले, मानेपाशी त्यांचं बोट थांबलं, ठशावर. त्यांनी मान जोरात हलवली. नो, नो. त्यांनी माठ उचलून आईच्या हातात द्यायचा प्रयत्न केला. आईने हात मागे घेतले, अगदी मी घेतले होते तसे. अण्णांनी माठ परत पोत्यावर ठेवला. गिऱ्हाइकाला दाखवतात तसं बोटाने एकदा ठोकून वाजवला, आम्ही सगळ्यांनी तो आवाज ऐकला. मग फरशीच्या कामाची छोटी हातोडी काढली आणि एकच घाव घातला. माठ फुटला तो मोठ्याने नाही. उसासा टाकावा तसा बसला.

अंगठ्याचा तुकडा बाईंनी आधी वेगळा उचलला आणि माझ्या ओंजळीत ठेवला. मग आतून पाटा आणला. त्या आणि आई समोरासमोर बसून खापऱ्या कुटायला लागल्या. आईला वाटण वाटायची सवय, तिच्याकडचं पीठ जास्त बारीक व्हायला लागलं तसं बाईंनी तिच्याकडे बघून "खलास, खलास" म्हटलं, आणि दोघी कालपासून पहिल्यांदा हसल्या. बाईंनी मक्याच्या पिठाची चिमूट मातीवर सोडली, वाटी आईपुढे धरली. आईनेही सोडली. नंदा तोवर सावरली होती. बाईंनी तिला अण्णांना विचारायला सांगितलं की तुमचे वडील माझ्या मुलाच्या लग्नाला गेले तर तुम्हाला चालेल ना.

"अक्षता टाकायला गेले म्हणायचं," आई म्हणाली. अण्णा तोंड फिरवून नळाशी हात धूत राहिले. फार वेळ धूत राहिले.

भांडं झालं. एसीची हवा एका अंगाने लागून ते वाकडं सुकू नये म्हणून आम्ही त्याला ओली फडकी गुंडाळायचो, आणि एरवी समुद्राकडच्या दमट हवेने ते सुकायचंच नाही, म्हणून फडकी काढायचो. लहान मूल आजारी असल्यासारखं चाललं होतं. पण उललं नाही. त्याच मातीतलं उरलेलं बाईंनी मला दिलं आणि मी माझं पहिलं पुरं मडकं केलं, ओंजळीएवढं.

भाजायचं कुठे हा प्रश्न होता, बंगल्यात धूर करता येईना. अण्णांच्या ओळखीचा एक पठाण खवानीजला शेतावर गाईबकऱ्या राखायचा, त्याच्याकडे सकाळी सकाळी गेलो, वारा सुटायच्या आत. बाईंकडेही भांडी शेणानेच भाजतात हे कळल्यापासून आईला त्या अगदी घरच्या वाटायला लागल्या होत्या. पठाणाने वाळलेल्या शेणाचे दहा दिरहम सांगितले. आई म्हणाली, "म्हणजे पंच्याऐंशी रुपये. शेणाला?" पठाण म्हणाला, "माताजी, दुबई का गोबर है." शेवटी त्याने आईच्या चार पोळ्यांवर शेण दिलं.

मग अण्णा आणि बाई यांची जुंपली. अण्णांना भट्टी झाकून, मंद, रात्रभर धुमसणारी हवी होती. बाईंना उघडी आणि जलद. दोघांनाही दुसऱ्याची भाषा येत नव्हती आणि दोघंही थांबत नव्हते.

"अण्णा म्हणतात तुम्ही ते जाळून टाकाल," नंदा इंग्रजीत म्हणाली. मग मराठीत, "त्या म्हणतात तुम्ही उकडून टाकाल. आय ॲम टायर्ड. तुम्ही दोघं भांडा."

शेवटी रचना अण्णांची आणि आग बाईंची, असं झालं. खाली विटांवर लोखंडी जाळी, त्यावर लग्नाचं भांडं आणि त्याच्या आडोशाला माझं, भोवती मोठ्या खापऱ्यांचा पडदा, की शेण पांढऱ्या रंगाला टेकू नये, आणि सगळ्यावर शेणाचे गठ्ठे, हवेला वाट ठेवून. अण्णांनी कितीतरी वर्षांनी भट्टी रचली. त्यांचे हात फरशा बसवताना मी पाहिले होते, ते नेमके असत. इथे ते नेमके नव्हते, नुसते माहीत असल्यासारखे होते. आग चढली. आम्ही वाळूत ओळीने बसलो. मध्येच आतून "टक्" असा आवाज आला. बाईंनी माझा हात पकडला. अण्णा मान तिरकी करून ऐकत होते. "लहान," ते म्हणाले. "मोठं नाही. लहान गेलं."

निखारे विझल्यावर बाईंनी काठीने राख सारली. लग्नाचं भांडं अख्खं होतं. एका कुशीवर धुराचा करडा ढग उठला होता, तेवढाच. बाईंनी तो बोटाने घासून पाहिला, जाईना, तेव्हा म्हणाल्या राहू दे, हा तुमच्या बाजूचा पाहुणा. माझं मडकं तीन तुकडे होऊन पडलं होतं. मी तिथून उठून बकऱ्यांकडे गेले. अण्णा मागून आले. ते मला जवळ घेणारे नव्हते, शेजारी उभे राहिले. "पहिलं आगीचं असतं," ते म्हणाले. "माझंही गेलं होतं. आजोबांनी सांगितलं नसेल तुम्हाला." जरा थांबून म्हणाले, "कडेला जाड ठेव म्हटलं होतं."

आई सवयीने ते तुकडे उचलून टाकायला निघाली होती. दोन पावलांवर तिची तीच थांबली, आणि परत येऊन तिने ते बाईंच्या हातात दिले.

बाईंनी निघण्याआधी पिठाच्या दोन कापडी पिशव्या शिवल्या. माठाच्या उरलेल्या खापऱ्या आणि माझे तीन तुकडे दोन्हींत वाटले. एक स्वतः घेतली, एक मला दिली. भांडं विमानात मांडीवर नेलं, आईने कसं बसायचं ते दाखवलं होतं. पुढे एक फोटो आला. डॅनी वाकून पाणी पितो आहे आणि शर्टावर ओला डाग. नवरा-बायकोत घाई कुणाला होती ते आम्हाला कळलं. बाईंच्या नवऱ्याची नोकरी पुढे संपली आणि त्या परत आल्या नाहीत. अण्णा त्या उन्हाळ्यापासून फ्रीजचं पाणी प्यायला लागले. पहिले काही दिवस ते घरी आले की तिवईपर्यंत जात आणि मग वळत.

आता मी मुलाकडे मरीनात राहते, एकोणतिसाव्या मजल्यावर, इथे नळाला हवं तसं पाणी येतं. बाल्कनीत मी अजून कडबोळ्याची वळी करून पणत्या, वाटग्या करते, दुकानातल्या मातीच्या. सून ऋचा गुणी आहे, त्या पणत्या ती मैत्रिणींना वाटून देते. परवा ती माझं कपाट आवरत होती. "आई, या पिशवीत नुसते तुकडे आहेत, टाकू?" म्हणाली. मी "नको" म्हटलं. पुढचं मला बोलता येईना, माझं नेहमीचंच. म्हणून हे लिहून पिशवीतच ठेवते आहे, म्हणजे माझ्या मागे जो कपाट आवरेल त्याच्या हाती लागेल.

या खापऱ्या टाकायच्या नाहीत, आणि जपूनही ठेवायच्या नाहीत. घरात कुणाला माती भिजवावीशी वाटली तर या कुटून तिच्यात घालाव्या. पीठ फार बारीक करू नये, भरड असावं. अंगठ्याचा ठसा आहे तो तुकडासुद्धा कुटावा. मी दोनदा पाट्यावर घेतला होता, मला धीर झाला नाही.